पुराणातली वांगी आणि ललित निबंध

घरोघरी ऐकू येणारी एक म्हण आहे : पुराणातली वांगी पुराणात. पुराणिकबुवांनी निरूपणात वांगी निषिद्ध म्हणून सांगितली. ते ऐकून बायकोने घरातली वांगी टाकून दिली. बुवा पानावर बसले आणि भरीत कुठे म्हणून विचारू लागले. पुढचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. बोलणे आणि वागणे यांतल्या अंतरावर ही म्हण बोट ठेवते. मला मात्र ती ललित निबंध वाचताना वारंवार आठवते. निबंधात कर्ण येतो, द्रौपदी येते, अभिमन्यू येतो, शबरीची बोरे येतात. यांपैकी निबंधात येऊन खरोखर काही काम कोण करतो, आणि ऐकण्यापुरता येऊन पुराणात परत कोण जातो, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा असे मला वाटते.

हा प्रश्न कोठेही विचारता येईल. पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांसमोर तो विचारण्याला विशेष कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचे नाव बदलले, राज्य तेच राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बहुतेक मुलांची शाळा हिंदीतून आणि आता इंग्रजीतूनही, अशी आपली स्थिती आहे. मराठी पुस्तक हाती न धरणारा मुलगादेखील 'कळीचा नारद' कोणाला म्हणावे हे जाणतो. अंगावर दागिना नसलेल्या बाईला आजी 'लंकेची पार्वती' का म्हणते, हे त्याला समजते. भाषेचे शिक्षण सुटले तरी भाषेतले पुराण सुटत नाही. म्हणून आपल्या निबंधांत पुराणसंदर्भ विपुल येतात. ते येतात याचा आनंद आहेच. ते येऊन काय करतात, एवढेच पाहायचे आहे.

गेली बरीच वर्षे सीमेवरच्या दिवाळी अंकांतील ललित लेखन मी वाचत आलो आहे. त्या वाचनातून मला पुराणसंदर्भाचे तीन प्रकार दिसतात. पहिला अलंकाराचा. संत्र्याच्या बागेत उभे असताना 'जणू नंदनवनच' म्हटले की काम संपले. दुसरा प्रकार दाखल्याचा. लेखकाला जे सांगायचे असते ते आधीच ठरलेले असते आणि त्यावर पुराणाचा शिक्का हवा असतो. मुलींनी मर्यादेत राहावे असे म्हणायचे असले की लक्ष्मणरेषा हमखास आखली जाते. तिसरा प्रकार मला खरा मोलाचा वाटतो. तेथे संदर्भ आल्यानंतर लेखक आधी जेथे उभा होता तेथे उरत नाही. त्याची जागा बदलते, आणि त्याच्याबरोबर वाचकाचीही. याला स्थलांतराचा संदर्भ म्हणता येईल.

लक्ष्मणरेषेचेच उदाहरण पाहू. उपदेशपर निबंधात ही रेषा नेहमी बाहेरून पाहिली जाते. सीतेने ती ओलांडली म्हणून अनर्थ झाला, एवढेच लेखक सांगतो. आता तोच प्रसंग क्षणभर पर्णकुटीच्या आतून पाहा. दाराशी भिक्षेकरी उभा आहे. त्याला विन्मुख पाठवणे हा गृहिणीच्या दृष्टीने अधर्म आहे. आत राहावे तर एक धर्म मोडतो, बाहेर पडावे तर दुसरा मोडतो. ज्या निबंधात ही रेषा आतून दिसते, त्यात मुलींच्या वागण्यावर निकाल देणे लेखकाला सोपे राहत नाही. प्रसंग तोच, पात्रेही तीच. पाहणारा उठून दुसरीकडे गेला, एवढाच फरक. वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही, हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. म्हणजे जी रेषा मुळात नव्हती ती आपण एवढी पक्की करून ठेवली आहे, आणि तीही एकाच बाजूने.

या तिसऱ्या प्रकाराचा अतिशय स्वच्छ नमुना हिंदीत आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेला असेल. विद्यानिवास मिश्र यांचा 'मेरे राम का मुकुट भीग रहा है' हा तो निबंध. घटना म्हटली तर किरकोळ. घरातली तरुण मुले गाण्याच्या कार्यक्रमाला गेली आहेत, रात्र उलटत चालली आहे, पाऊस आहे आणि मुले परतलेली नाहीत. लेखक जागा आहे. त्याला लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेले एक लोकगीत आठवते, त्यात वनात भिजणाऱ्या रामाच्या मुकुटाची काळजी आहे. तरुणपणी आपण उशिरा घरी येत असू तेव्हा वडीलधाऱ्यांच्या या काळजीचा अर्थ लागत नव्हता, तो आज लागतो आहे, असे त्या निबंधाचे मुख्य सूत्र.

येथे राम येतो तो उपमेसाठी येत नाही. माझा मुलगा रामासारखा आहे असे लेखकाला म्हणायचेच नाही. रामकथा आपण एरवी रामाबरोबर चालत चालत ऐकतो. राम वनात जातो तसे आपणही जातो. या निबंधात लेखक अयोध्येत मागे थांबतो, कौसल्येच्या शेजारी. जो मुलाच्या जागेवरून पाहत होता तो आईच्या जागेवर येऊन बसला. आणि एकदा तेथे बसल्यावर घरच्या मुलांची काळजी घरापुरती राहत नाही, ज्यांचे मुकुट आजही भिजत आहेत त्या सर्वांपर्यंत ती पोहोचते. आजीचे गाणे काढून टाकले तर तो निबंध उभाच राहणार नाही. माझ्या मते कसोटी ही : संदर्भ वगळून पाहावा. काहीच बिघडले नाही तर ती पुराणातली वांगी. निबंध कोसळला तर संदर्भ खरा.

मध्य प्रदेशचेच हरिशंकर परसाई यांची 'भोलाराम का जीव' ही व्यंग्यकथा असली तरी तिची रीत पाहण्यासारखी आहे. भोलारामचा जीव यमलोकी पोहोचत नाही म्हणून नारद पृथ्वीवर शोधाला येतो, आणि तो जीव पेन्शनच्या फायलीत अडकलेला सापडतो. फाईल हलावी म्हणून नारदाला आपली वीणा द्यावी लागते. सरकारी कचेरी आपल्याला इतकी सवयीची झालेली असते की तिच्यातले विपरीत दिसेनासे होते. ते दिसण्यासाठी तेथे ज्याने कधी पाऊल टाकले नाही असा कोणीतरी हवा. परसाईंनी नारदाला तेवढ्यासाठी बोलावले आहे.

आता मराठीकडे वळू. पुराणसंदर्भाने बैठक बदलण्याची मराठी गद्यातली परंपरा जुनी आहे, आणि तिची काही ठळक नावे आपल्या वऱ्हाड-नागपूरकडची आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर १८८१ मध्ये झालेला खटला आणि त्यानंतर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर झालेली चिखलफेक हे त्याचे निमित्त. स्त्रियांना पातिव्रत्याचा धडा द्यायचा झाला की त्या काळी, आणि आजही, सावित्रीचे नाव पुढे केले जाते. ताराबाई सावित्रीला नाकारत नाहीत. त्या एवढेच विचारतात की बायकोचे प्राण परत आणण्यासाठी यमाच्या वाटेला लागलेला एखादा नवरा कोणी पाहिला आहे काय? या एका प्रश्नाने सगळी कथा उलटी फिरते. आतापर्यंत सावित्रीकडे बोट दाखवून स्त्रियांची परीक्षा चालली होती. आता परीक्षेला सत्यवान बसतो. दाखला विरुद्ध पक्षाचा, तो जसाच्या तसा उचललेला, आणि तरी निकाल बदललेला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला नसता तर मराठी निबंधाचा हा टप्पा आपल्या नजरेतून निसटला असता.

त्याआधी नऊ वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' आले. तो रूढ अर्थाने निबंध नव्हे, संवाद आहे. पण मराठी गद्यात पुराणाकडे पाहण्याची जागा त्याने कायमची हलवली. वामनाने तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवले ही कथा तोवर पाऊल ठेवणाऱ्याच्या बाजूने सांगितली जात होती. फुल्यांनी ती ज्याच्या डोक्यावर पाऊल पडले त्याच्या बाजूने सांगितली. मराठीत शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणताना आजही आपण कळत-नकळत त्याच बाजूने उभे असतो.

शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' हे पत्र १८९८ ला सुरू झाले. १९०८ मध्ये परांजप्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि ते पर्व आवरले. परांजप्यांची वक्रोक्ती प्रसिद्धच आहे. पुराणातली आणि इतिहासातली नावे घेऊन ते चालू राज्यावर लिहीत आणि वाचकाला कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते बरोबर समजे. सरकारकडे देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी भाषांतर करणारे खाते होते. भाषांतरात शब्द उतरत. शब्द वाचून वाचकाच्या मनात जो चेहरा उभा राही तो उतरत नसे. दुभाषी वाचकाने ही गोष्ट नीट पारखून पाहावी. पुराणातल्या नावाचे भाषांतर करायचे नसतेच, ते नाव जसेच्या तसे पलीकडच्या भाषेत जाते. पण ते उच्चारताना मराठी माणूस कोठे उभा असतो, ती जागा बरोबर जात नाही.

आणि आपले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, १८७१ चा, वकिली वऱ्हाडातली. १९१० साली निघालेल्या त्यांच्या विनोदी लेखांच्या पुस्तकाचे नावच पुराणातले : 'सुदाम्याचे पोहे'. लेखांतून बोलणारा सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना व पांडूतात्या. या नावात वरवर नम्रता आहे : गरिबाची भेट आहे, गोड मानून घ्यावी. पण पोहे देणारा सुदामा असेल तर ते घेणारा वाचक कोण? तो आपोआप द्वारकेच्या सिंहासनावर जाऊन बसतो. वाचकाला असे उंचावर बसवून मग त्याच्याच सनातनी समजुती, त्याचेच सणवार आणि विधी यांची कोल्हटकर थट्टा करतात. ज्याला मान दिला त्याला रागावता येत नाही. नुसत्या एका शीर्षकाने लेखक आणि वाचक यांचे नाते ठरून गेले. पुराणसंदर्भाचा इतका काटकसरीने केलेला उपयोग मराठीत क्वचितच आढळेल.

येथून आपल्या भागाकडे येणे सोपे आहे, कारण सुदाम्याच्या त्या पुरचुंडीत काय होते याविषयी आपल्या घरातच दोन मते निघतील. मराठी आजी सांगेल, पोहे. हिंदी शाळेत नरोत्तमदासांचे 'सुदामा चरित' वाचलेला नातू सांगेल, तंदुल म्हणजे तांदूळ. भागवतात शब्द आहे 'पृथुकतण्डुल'. पृथुकाचे आपण पोहे केले, हिंदीने तंदुल ठेवला. एका सामासिक शब्दाची दोघांनी वाटणी करून घेतली. गंमत अशी की सगळा मध्य प्रदेश सकाळी न्याहारीला पोहेच खातो. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु एकच कथा दोन घरी दोन प्रकारे सांगितली जाते हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला कथेची एकच बाजू असते असे कधी वाटत नाही. निबंधकाराला याहून मोठे भांडवल कोणते?

दिवाळीच्या पाडव्याचेच पाहा. कार्तिक शुद्ध प्रतिपदा. मराठी पंचांगात ती बलिप्रतिपदा. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणून आपल्या बायाबापड्या ओवाळतात. शेजारच्या हिंदी अंगणात त्याच दिवशी शेणाचा गोवर्धन घालून त्याची पूजा होते. गोवारी मंडळी ढाली घेऊन निघतात, गायगोधन होते. एका तिथीवर दोन कथा. एका कथेत देव राजाला पाताळात घालतो आणि लोक त्या राजाची वाट पाहत राहतात. दुसऱ्या कथेत गवळ्यांचा पोर देवांच्या राजाची पूजा बंद पाडतो आणि आपल्या पोटाला जे देतात त्या गाईंना व डोंगराला नमस्कार करायला सांगतो. दोन्ही कथा वरच्याकडे खालून पाहतात. हे साम्य पुण्याच्या किंवा लखनौच्या लेखकाला अभ्यास करून शोधावे लागेल. सौंसरच्या लेखकाला त्यासाठी कुंपणावरून डोकावले तरी पुरे. यावर लिहिलेला निबंध मात्र माझ्या वाचनात अजून आलेला नाही.

तसेच जामसावळीच्या मारुतीचे. मराठी गावाच्या वेशीवरचा मारुती उभा असतो, शेंदूर लावलेला, राखणीला सज्ज. आमच्या निबंधांत तो येतो तो उडीसाठी, द्रोणागिरीसाठी किंवा लांबत जाणाऱ्या शेपटासाठी. सौंसरजवळच्या जामसावळीत मात्र मूर्ती निजलेली आहे. दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीतल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. तिच्या दंतकथा असतील त्या असोत. निबंधकाराने नुसते त्या निजण्याकडे पाहिले तर? ज्याला आपण आयुष्यभर कामच सांगत आलो, तोही कधी आडवा होत असेल. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबून अंगणात पाठ टेकणारा सालदार आणि हा मारुती एका ओळीत आले, तर सेवेकडे पाहण्याची आपली नजर बदलेल. सेवा घेणाऱ्याच्या जागेवरून उठून सेवा करणाऱ्याच्या उशाशी बसावे लागेल.

आणि याच सातपुड्यात गोंड वस्त्यांत होळीच्या सुमारास मेघनादाचा उंच खांब उभा राहतो, त्याची पूजा होते, मेळा भरतो. रामायणात ज्याला आपण लक्ष्मणाच्या हातून मेलेला राक्षस म्हणून ओळखतो, तो येथे पूजेचा मानकरी. मराठी, हिंदी आणि गोंडी अशा तीन अंगणांतून एकच रामकथा पाहता येते असा हा मुलूख आहे. असे असताना आपल्या निबंधांत रावण-मेघनाद केवळ 'दुष्ट प्रवृत्तींचे दहन' एवढ्याच कामाला येतात, याचे नवल वाटते.

माझा मुख्य मुद्दा मात्र गोटमारीचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण असते, आणि दोन काठांवरून दगड सुटतात. शेवटी ते निशाण चंडीमातेच्या देवळात जाते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येक जीव गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्नही होऊन गेला, टिकला नाही. प्रथेमागची कथा सर्वांना पाठ आहे : पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोन्ही गावांनी एकमेकांवर दगड फेकले.

यावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक शब्द ठरलेला असतो : कुरुक्षेत्र. जामेचे पात्र म्हणजे कुरुक्षेत्र, दोन काठ म्हणजे दोन सेना. वाचायला हे भारदस्त वाटते. पण या संदर्भाने काय साधले? दगड होता त्याचा बाण झाला, भांडण होते त्याचे धर्मयुद्ध झाले, आणि कपाळ फुटलेला पोरगा वीर ठरला. पाहणारा होता तेथेच राहिला, काठावर, गर्दीत. त्याला फक्त उंच मचाण मिळाले. याला मी अलंकार म्हणतो, आणि येथे तो निरुपद्रवी नाही. पुढच्या वर्षी ज्याच्या हातात दगड असेल त्याला हे शब्द बळ देतात.

याच प्रथेला रुक्मिणीची कथा लावून पाहू. रुक्मिणी तर आपल्या विदर्भाची. तिचे कौंडिण्यपूर वर्धेच्या काठी, आणि ती वर्धा नदी उगम पावते शेजारच्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या डोंगरांत. एकनाथांनी १५७१ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' लिहून तिला घरोघरी पोहोचवले. तिलाही पळवून नेले होते, तिच्याही मागे भाऊ आणि सैन्य धावले होते. दोन्ही कथांची बांधणी सारखीच. पण रुक्मिणीच्या कथेत अपहरणाआधी एक पत्र आहे. आपल्याला न्यायला या, कसे न्या, कोठे भेटेन, हे तिने स्वतः कळवले आहे. तिच्या शब्दावर सगळी कथा उभी आहे. आता गोटमारीच्या कथेकडे वळा. त्यात मुलगी आहे, पण तिचा एक शब्दही कोठे नाही. ती आपणहून निघाली होती की ओढून नेली? पात्राच्या मधोमध, दोन्हीकडून दगड येत असताना, तिला कोणत्या काठाला जायचे होते? पांढुर्णा म्हणते आम्ही सून आणत होतो. सावरगाव म्हणते आम्ही लेक सोडवत होतो. मुलीला कोणी विचारलेच नाही, आणि शतकानुशतके आपण तिच्या नावाने, खरे तर तिचे नावही न घेता, एकमेकांची डोकी फोडत आहोत.

कुरुक्षेत्र म्हटले की आपण काठावर असतो. रुक्मिणी म्हटले की आपण नदीच्या पात्रात, त्या मुलीच्या शेजारी येऊन उभे राहतो आणि दोन्ही काठांचे दगड आपल्याकडे येताना दिसतात. हाच तो दृष्टिकोनातला बदल. तो उपदेशाने होत नाही. प्रथा वाईट आहे, बंद करा, असे सांगणारे लेख पुष्कळ झाले. ते वाचून दगड फेकणारा आपला काठ सोडत नाही. त्याला पात्रात उतरवण्याचे काम एखादा चांगला निबंध करू शकेल, आणि त्यासाठी लागणारी कथा त्याच्या आईने त्याला आधीच सांगून ठेवलेली आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला श्रद्धेच्या बाजूने : पुराणातल्या व्यक्तींकडे असे वेगळ्या बाजूने पाहणे म्हणजे त्यांचा अवमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पुराणे स्वतःच जागा बदलत चालतात. गोवर्धनाच्या कथेत भागवताने इंद्राकडे गवळ्यांच्या बाजूने पाहिले, म्हणून कोणी भागवताला दोष देत नाही. सावित्रीची कथा पुनःपुन्हा सांगितली जाते ती तिच्यात अजून न विचारलेले प्रश्न शिल्लक आहेत म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्यासारखा आहे. दृष्टी बदलण्याचाही एक साचा होऊन बसतो. खलनायकाला नायक करायचे, पराभूताला हुतात्मा करायचे, की झाला नवा दृष्टिकोन! १९६७ साली मराठीत दोन पुस्तके आली. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा 'युगान्त' हा निबंधसंग्रह. 'मृत्युंजय'ने मराठी मनाला कर्णाचे वेड लावले, आणि त्यानंतर आपल्या निबंधांत ज्याच्यावर म्हणून अन्याय झाला तो प्रत्येक जण कर्ण झाला. बढती हुकलेला कारकूनही कर्ण. 'युगान्त'मधला कर्ण इतका सहज कुशीत येत नाही. इरावतीबाई त्याच्या दुःखाबरोबर त्याचे वागणेही मोजतात. मयसभेचा विचार करताना त्या खांडववनाकडे वळतात आणि पांडवांच्या वैभवामागे जळून गेलेले रान व त्यातले जीव आपल्यासमोर ठेवतात. पण म्हणून पांडवांना त्या खलनायक करत नाहीत. गांधारीच्या लेखात अखेर अरण्यात तिच्या डोळ्यांवरची पट्टी सुटते, तेव्हा पाहणे आणि न पाहणे या दोहोंची किंमत वाचकाला एकदम कळते. साहित्य अकादमीने १९६८ साली या पुस्तकाला पुरस्कार दिला. वाचकांनी त्याआधीच दिला होता. बाजू बदलणे सोपे असते. एका काठावरून उठून दुसऱ्या काठावर जाऊन दगड फेकले तरी ती गोटमारच. दोन्ही काठ एकदम दिसतील अशी जागा शोधणे अवघड, आणि निबंध त्यासाठीच लिहायचा असतो.

आपल्या जिल्ह्यातील लिहित्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. मराठी आपल्याला कचेरीत उपयोगी पडत नाही, नोकरीत पडत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खरीही आहे. पण घरात मराठीतून आणि अंगणाबाहेर हिंदीतून एकच कथा ऐकल्यामुळे आपल्याला दोन जागांवरून पाहण्याची सवय फुकट मिळाली आहे. ती वापरा. निबंधात द्रौपदी आणायची असेल तर आधी विचारा, ती आल्यावर मी कोठे उभा राहणार? सभेत, सिंहासनाजवळ, की तिच्या बाजूला? उत्तर 'होतो तेथेच' असे आले तर द्रौपदीला तसदी देऊ नये. उत्तर दुसरे आले तर मात्र निःशंकपणे लिहावे, मराठीत लिहावे, हिंदीतही लिहावे. त्या दिवशी पुराणातली वांगी पुराणात राहणार नाहीत. घरच्या चुलीवर त्यांचे भरीत होईल आणि दोन्ही अंगणांतली माणसे ते जेवून जातील.